उन्हाने मेलेल्या मजुरावर विनोदी नाटक: तुमचं मत काय?

यावलची लेक:
जळगावला हौशी मंडळींचं नाटक पाहिलं. केळीच्या बागेत घड वाहताना मजूर उन्हाने कोसळतो, मरतो. बायको फळपीक विम्याच्या खिडकीवर जाते आणि म्हणते, नवऱ्याची नोंद केळीत करा. कारकून रोपाचा प्रकार विचारतो, प्रयोगशाळेत वाढवलेलं की कंदापासूनचं: "टिश्यूचं की कंदाचं?" ती शांतपणे सांगते, "कंदाचं." सगळे हसले आणि पुढच्याच क्षणी चिडीचूप. हवामान आधारित विम्यात पारा ठरल्या अंशावर टिकला की केळीला भरपाई असते. त्याच बागेतल्या माणसाला त्यात काहीच नाही. इतकं सरळ मला कुठल्याच भाषणातून कळलं नव्हतं. रावेर, सावदा, फैजपूर, सगळीकडे प्रयोग व्हायला हवेत.

रावेरचा बागायतदार:
ताई, लेखक कधी बागेत उतरलाय का? पारा महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर मोजतात. थोडक्यात हुकला की भरपाई गेली. सीएमव्ही हा विषाणू रोग आला की रोपं उपटून फेकायची, केळीच्या भावासाठी बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघायचं. नाटकातला मालक मात्र अंगठ्या घालून कूलरसमोर. तीन एकरवाल्याला खलनायक केलं की टाळ्या मिळतात, विषमता आहे तिथेच राहते.

सातपुडा पायथा:
भाऊ, तुमचे हाल खोटे नाहीत. पण विम्याच्या हप्त्यात सरकारचाही वाटा असतो. आमच्या पावरा, तडवी आदिवासी मजुरांचा हप्ता कोण भरतं? केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत थंडीची लाट 2012 ला घेतली, उष्णतेची तेव्हाही नाही घेतली. आणि इथे भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो. गाडी भरेपर्यंत सावलीला बसू देतात का, ते सांगा.

धुळ्याचा नाट्यवेडा:
माझा आक्षेप हसण्यावर आहे. तिकीट काढून आलेले आम्ही पंख्याखाली बसून एका विधवेच्या तोंडच्या वाक्यावर हसलो. घड वाहणारं कुणी तिथे नव्हतं. ज्याचं दुःख त्याच्यासमोर हे करून दाखवा, मग विनोद टिकतो का बघू.

यावलची लेक:
म्हणूनच तर गावात न्या म्हणतेय. रडकं नाटक असतं तर आपण हळहळून घरी गेलो असतो. इथे आपण हसलो, म्हणून अजून भांडतोय.

रावेरचा बागायतदार:
सावद्याला करा, रात्री, कापणीची माणसं मोकळी झाल्यावर. मी येईन. पण मालकाचा कूलर काढा, हातात नामंजूर झालेला दावा द्या.

सातपुडा पायथा:
दावा द्या. कूलर राहू द्या.