मुतखडा पडला, आता टोमॅटो कायमचा बंद?

वाघोलीकर: ६ मिमीचा खडा लघवीवाटे पडला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. घरी हुकूम सुटलाय: टोमॅटो, पालक, दूध बंद. शिवाय इकडे टँकर-बोअरचं जड पाणी. नेमकं काय सोडायचं?

आहारवाली_कोथरूड: दूध अजिबात सोडू नका. जेवणासोबतचं कॅल्शियम भाज्या-दाण्यांतल्या ऑक्झलेट या द्रव्याला आतड्यातच धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध-दही तोडलंत की ऑक्झलेट मोकळं राहून लघवीत उतरतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, पुरेसं कॅल्शियम घेऊन मीठ-मांस कमी करणाऱ्यांना पुन्हा खडा होण्याचा धोका कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या निम्म्यावर आला. दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ हवं, पण गोळीतून नको, ताटातून.

टोमॅटो बिचारा उगाच बदनाम आहे. १०० ग्रॅम पालकात काहीशे मिग्रॅ ऑक्झलेट असतं, टोमॅटोत त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं. पालक खायचाच तर उकळून पाणी फेकून द्या. खरी गोम उपासात आहे. राजगिरा, दाण्याचं कूट, रताळं, सगळी ऑक्झलेटची मंडळी एकाच ताटात आणि वर दिवसभर पाणी कमी! सोबत वाटीभर दही हवंच. व्हिटॅमिन सीच्या १००० मिग्रॅच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना विचारून थांबवा, त्याचंही शरीरात ऑक्झलेट होतं.

पेठेतला_फार्मासिस्ट: मीठ राहिलं की. मूत्रपिंड जास्तीचं सोडियम बाहेर टाकतं तेव्हा कॅल्शियमही सोबत जातं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, त्यातच पापड, लोणचं, फरसाण आलं.

पाणी किती प्यायलात ते मोजू नका, लघवी मोजा: २४ तासांत अडीच लिटर. त्यासाठी साधारण तीन लिटर प्यावं लागतं, एप्रिल-मेमध्ये आणखी. झोपताना एक ग्लास घ्या, लघवी रात्रीच सगळ्यात घट्ट होते. जड पाण्याने खडे होतात याला ठोस आधार नाही. चव आवडत नाही म्हणून माणूस कमी पितो, तोटा तिथे होतो.

वाघोलीकर: आणि हुलग्याचं कढण, पानफुटी?

आहारवाली_कोथरूड: कढणातलं पाणी कामाचं. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळवणारं औषध नाही. पोटॅशियम सायट्रेट या औषधाने विरघळतो तो युरिक ॲसिडचा. बिनसाखरेचं लिंबूपाणी मात्र जरूर घ्या, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही.

पेठेतला_फार्मासिस्ट: खडे पुन्हा होत असतील तर २४ तासांची लघवी तपासा. सकाळी ७ची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी ७ची धरून. लोक नेमकी ती शेवटची विसरतात आणि रिपोर्ट चुकतो. त्या दिवशी नेहमीचंच खा-प्या. कळ येऊन थंडी-ताप भरला तर मात्र कढण उकळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं.