‘ऐतिहासिक’ की ‘पूर्वापार’? काळ्या अमेरिकनांच्या विद्यापीठांसाठी मराठी शब्द

प्रश्न

मुलांच्या एका मासिकासाठी थर्गुड मार्शल यांच्यावर लेख लिहिते आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते पहिले काळे न्यायमूर्ती. त्यांचं शिक्षण लिंकन आणि हॉवर्ड या दोन विद्यापीठांत झालं. अशा संस्थांना तिकडे ‘हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘एचबीसीयू’. मी ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये’ असं लिहिलं, पण ते मलाच वाचवेना. दुसरं काय लिहिता येईल?

प्रतिसाद

ताई, ‘ऐतिहासिक’ आधी काढा. मराठीत हा शब्द आला की रायगड तरी डोळ्यांपुढे येतो, नाहीतर ‘ऐतिहासिक निकाल’. वाचणाऱ्या मुलाला वाटेल की ही कॉलेजं आता सहलीला जाऊन बघायची राहिली आहेत. प्रत्यक्षात अशा शंभराच्या आसपास संस्था आजही चालू आहेत.

इंग्रजीत तो शब्द कॉलेजला लागलेला नाही, ‘ब्लॅक’ला लागलेला आहे. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात याची व्याख्या आहे: १९६४पूर्वी स्थापन झालेली मान्यताप्राप्त संस्था, जिचं मुख्य काम काळ्या अमेरिकनांचं शिक्षण हे होतं आणि आहे. ‘होतं आणि आहे’, दोन्ही हवं. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहे: पूर्वापार. पूर्व अधिक अपर, म्हणजे आधीचं आणि नंतरचंही. बांधाच्या भांडणात माणसं म्हणतात ना, ‘ही वाट पूर्वापार आमच्या वहिवाटीची आहे’, तसंच. मी ‘पूर्वापार कृष्णवर्णीयांची विद्यापीठं’ असं लिहीन.

हा शब्द मला आवडतो, कारण ती वहिवाट त्या लोकांनी फार कष्टानं राखली आहे. चेनी ही संस्था १८३७ची, लिंकन १८५४ची, विल्बरफोर्स १८५६ची. या तिन्ही उत्तरेतल्या, कारण तेव्हा दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. गुलामगिरी संपल्यावर लगेच दक्षिणेत नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठ निघालं, १८६६ साली. पाच वर्षांत त्याचे पैसे संपले. तेव्हा विद्यार्थ्यांचा गायकवृंद बाहेर पडला आणि गुलामीच्या दिवसांतली भक्तिगीतं गावोगाव गाऊन त्यांनी निधी उभा केला. त्यातून बांधलेला ज्युबिली हॉल तिथे आजही उभा आहे. ज्यांच्या आईबापांना अक्षर ओळखायची बंदी होती, त्या मुलांनी गाऊन विद्यापीठ वाचवलं! तुमच्या लेखात एवढं एक वाक्य तरी यावं असं मनापासून वाटतं.

दुसरा प्रतिसाद

‘पूर्वापार’ पटलं. फक्त ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ असं चुकूनही लिहू नका. हॉवर्डची दारं पहिल्यापासून सगळ्यांना उघडी होती. बंदी घातली होती ती पलीकडच्यांनी. १८९० साली केंद्राच्या कायद्यानं राज्यांना सांगितलं की काळ्यांना तुमच्या सरकारी कॉलेजात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं काढलं. म्हणजे काही संस्था जिद्दीतून उभ्या राहिल्या, तर काही सरकारनं माणसं दूर ठेवण्यासाठी काढल्या. नंतर त्या दुसऱ्या प्रकारच्या संस्थाही लोकांनी आपल्या केल्या. १९६० साली ग्रीन्सबरोच्या दुकानातल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसलेले चौघे विद्यार्थी अशाच एका सरकारी कॉलेजातले होते.

आणि वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात ब्लूफिल्ड स्टेट आहे. तिथे आज बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत. तरी कायद्यानं ती संस्था याच यादीत आहे.

प्रश्नकर्ती

मग ब्लूफिल्डला ‘पूर्वापार’ कसं चालेल? आणि ‘कृष्णवर्णीय’बद्दलही मनात शंका आहे.

पहिल्या प्रतिसादाचा लेखक

ब्लूफिल्डला थोडं ओढूनताणून बसतं, खरं आहे. पण वहिवाट कोणी पाडली ते शब्दात राहतं, म्हणून मी तोच ठेवीन.

‘कृष्णवर्णीय’ मात्र कातडीपाशीच थांबतो. ‘ब्लॅक’ हे त्या समाजानं स्वतः घेतलेलं नाव आहे. चेनीच्या जुन्या नावात ‘कलर्ड’ होतं. या कॉलेजांसाठी १९४४ साली निघालेल्या निधीच्या नावात ‘निग्रो’ आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं, त्यात अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत खूप साम्य असल्याचं म्हटलं आहे. तेव्हा हाच शब्द मानानं वापरत. (डुबॉइस फिस्कचे पदवीधर होते.) पुढे ‘ब्लॅक’ आला, आणि त्याच हवेत १९७२ साली आपल्याकडे ‘दलित पँथर’ उभी राहिली. स्वतः निवडलेल्या नावाचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मुलांसाठी सरळ ‘काळ्या अमेरिकनांची’ लिहा. ‘काळा’ शब्दाला बिचकू नका. आपला विठोबाही काळाच आहे.

प्रश्नकर्ती

धन्यवाद काका, आणि दुसऱ्या प्रतिसादकांनाही. वाक्य असं केलं आहे: “मार्शल बाल्टिमोरचे. त्यांच्या राज्यातल्या मेरीलँड विद्यापीठात कायदा शिकायला काळ्या मुलांना घेत नसत. म्हणून ते हॉवर्डला गेले. हॉवर्ड हे पूर्वापार काळ्या अमेरिकनांचं विद्यापीठ. तिथून १९३३ साली ते वकील होऊन बाहेर पडले आणि तीन वर्षांच्या आत, आपले गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्या साथीनं खटला लढवून, मेरीलँडचं तेच दार त्यांनी दुसऱ्या एका काळ्या विद्यार्थ्यासाठी उघडायला लावलं.”