बहिणीला जिऑलॉजी घ्यायचंय, घरचे म्हणतात इंजिनीअरिंग कर

केजचा_दादा:
नमस्कार. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. पीसीएम ग्रुप, सीईटीला बऱ्यापैकी पर्सेंटाइल. घरचे म्हणतात कॉम्प्युटर घे, ती म्हणते बीएस्सी जिऑलॉजीच करणार. गेल्या उन्हाळ्यात आमच्या रानात दोन बोअर कोरडे गेले, तेव्हापासून तिनं हेच धरलंय. पुढचं शिक्षण कसं असतं, नोकरी कुठं मिळते आणि मुलीला हे काम जमतं का? वडिलांना सांगायला काहीतरी ठोस पाहिजे.

सिंहगडरोड:
दादा, स्कोअर असेल तर इंजिनीअरिंगच. नुसत्या बीएस्सीवर काही होत नाही.

कातळवाट:
नुसत्या बीएस्सीवर भागत नाही हे खरंच, म्हणून हा निर्णय पाच वर्षांचा धरून घ्या. मी भूजलाच्या कामात आहे, बीड-धाराशिवकडे बरंच फिरणं होतं.

आधी बोअरचं बोलते, कारण तुमच्या बहिणीला नेमका प्रश्न पडलाय. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक. विहिरीत उतरून भिंत बघितली की वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि मध्येच पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला सच्छिद्र पट्टा दिसतो. पाणी मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. अखंड कातळात जवळपास नसतंच. त्यामुळं एका बांधावर पाणी लागतं आणि पलीकडे फुफाटा उडतो. पाण्याची जागा सांगणारा पाणाडी नारळ घेऊन फिरतो, आम्ही जमिनीत चार सळ्या ठोकून वीज सोडतो आणि खालचे थर तिला किती अडवतात ते मोजतो. बाहेरच्या दोन सळ्या जितक्या लांब न्याव्यात तितकं खोलचं कळत जातं. हे शिकलेली माणसं मराठवाड्यात फार कमी आहेत, आणि दर उन्हाळ्यात लोक कर्ज काढून बोअर मारतात. मला याची फार तळमळ वाटते.

आता शिक्षण. बीएस्सीनंतर आयआयटी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची, जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. त्यावर मुंबई, रुरकी, धनबाद अशा आयआयटींत एमएस्सीला जाता येतं. नाही झालं तर पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, तुमच्या जवळ नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. एमएस्सी झाली की यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा: त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडे जाता येतं. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जागा मोजक्याच निघतात, हे वडिलांपासून लपवू नका. खाजगीत खाणी आणि धरण-बोगद्यांची कामं आहेत.

मुलीचं म्हणाल तर, 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. 2019 मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, लेखी संमती घेऊन, दिवसा उतरायची परवानगी मिळाली. फिल्डवर ऊन आणि चालणं आहे, गावात मुक्काम आहे. शेतात राबलेल्या मुलीला त्याचं काय वाटणार?

केजचा_दादा:
ताई, लई उपकार. कॉलेज निवडताना काय बघू? आणि सोबत विषय कोणते घ्यायला लावू?

कातळवाट:
मेजर जिऑलॉजीच हवं. मायनरला फिजिक्स किंवा गणित. जिऑलॉजीत आल्यावर पोरं गणित सोडून देतात आणि भूभौतिकीचा, म्हणजे वरून मोजमापं घेऊन जमिनीखालचं ओळखायच्या शास्त्राचा, रस्ता तिथंच बंद होतो. बोअरची जागा सांगण्याचं अर्धं काम तर त्याच विषयाचं आहे. पुण्यात फर्ग्युसनला विभाग आहे, पण खर्च परवडत नसेल तर हट्ट नको. कुठल्याही विभागात गेलात तर दगडांची कपाटं उघडून दाखवायला सांगा आणि तिसऱ्या वर्षाची मुलं नकाशा करायला कुठं जातात ते विचारा. अलीकडच्या मुलांच्या फिल्ड-डायऱ्या समोर ठेवल्या तर प्रवेश घ्या. नुसतं 'सहल होते' म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा.

सिंहगडरोड:
हे मला माहीत नव्हतं ताई. भाच्याला पाठवतो हा धागा, तो सेकंड इयरला आहे आणि जॅमचं बोलत होता.

कातळवाट:
जरूर पाठवा. जॅम फेब्रुवारीत असते, अर्ज बरेच महिने आधी भरावा लागतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच डोळा ठेवायला सांगा.