थंडीतल्या चढाईसाठी अंदाज बघतेय: तीन ॲप, तीन वेगळे आकडे. कुठलं धरू?

पायवाट_नवी:
मंडळी, बर्फातल्या चढाईसाठी हवामान कसं बघता ते सविस्तर सांगाल का? येत्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं जातोय. मुक्काम 1800 मीटरवर, रविवारी पहाटे निघून 2900 मीटरची खिंड गाठायची आणि त्याच वाटेने परत. स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घेतलेत, स्की नाहीत.
तीन ॲप उघडून बसले आहे. शनिवारी रात्रीसाठी एक म्हणतं 12 सेंमी बर्फ, दुसरं 4 मिमी पाऊस, तिसऱ्यात नुसता ढग. तापमान एकात उणे 3, दुसऱ्यात अधिक 2. वारा सगळीकडे ताशी 15 किमीच्या आसपास, पण खिंडीत तो एवढाच असेल हे पटत नाही. यातलं खरं कुठलं मानायचं?

धारकरी:
कुठलं ॲप, हे नंतर बघू. आधी प्रत्येक ॲपमधला आकडा किती मीटर उंचीचा आहे ते शोधा. बहुतेक ॲप जागतिक मॉडेलवर चालतात, म्हणजे साऱ्या पृथ्वीचे चौकोन पाडून संगणकाने काढलेल्या अंदाजावर. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची चौकट साधारण 13 किमीची, युरोपियन हवामान केंद्राच्या मॉडेलची साधारण 9 किमीची. एवढ्या चौकटीत डोंगर सपाट होतो: शिखर छाटलं जातं, दरी भरली जाते. तुमची 2900 ची खिंड मॉडेलच्या हिशोबात 2200 ची असू शकते. काही ॲप उंचीप्रमाणे दुरुस्ती करतात, काही करत नाहीत, आणि कुठलं काय करतं ते पहिल्या पानावर सहसा लिहिलेलं नसतं. सेटिंगमध्ये किंवा ठिकाणाच्या नावाखाली उंची दिसते का ते बघा.

तुमच्या दोन तापमानांत 5 अंशांचा फरक आहे. उंचीमागे 1000 मीटरला सरासरी 6.5 अंश धरले तर हा फरक पावणेआठशे मीटरचा. म्हणजे दोन्ही ॲप बरोबर असतील, फक्त वेगवेगळ्या उंचीबद्दल बोलत असतील.

आता मुक्कामाला अधिक 2 खरे धरू. शून्य अंशाची पातळी आली 2100 च्या आसपास. पण बर्फ तिथे थांबत नाही, वितळून पाऊस होईपर्यंत अजून दोन-तीनशे मीटर खाली येतो. म्हणजे बर्फ आणि पावसाची सीमा नेमकी तुमच्या तंबूवर! एक ॲप बर्फ सांगतं आणि दुसरं पाऊस, ते यामुळेच असावं. मला तुमच्या बेतातली सगळ्यात काळजीची गोष्ट ही वाटते. कडक थंडीतला कोरडा बर्फ झटकला की जातो. शून्याच्या आगेमागे पडणारा ओला बर्फ जॅकेटमध्ये, हातमोज्यांत मुरतो आणि पहाटे तेच ओले कपडे घालून तुम्ही उणे तापमानात चढायला लागता. हातमोज्यांचा दुसरा जोड आणि कोरडा आतला थर पिशवीत बंद करून ठेवा. ते रविवारपर्यंत उघडायचं नाही.

हवा कोरडी असेल तर अधिक 2 लासुद्धा बर्फ जमिनीपर्यंत पोचतो, कारण पडता पडता तो हवा गार करत येतो. अरुंद दरीत जोराची सर आली की हीच पातळी तासाभरात बरीच खाली सरकते. म्हणून आर्द्रताही बघत जा.

सेंटिमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका, मिलिमीटर बघा. 1 मिमी पाण्याचा 1 सेंमी बर्फ हे ढोबळ गणित. ओल्या बर्फात त्याहून कमी भरतो, कडाक्याच्या थंडीत दीडपट-दुप्पट. ॲप सेंटिमीटर कुठल्या गुणोत्तराने काढतं ते कुणी सांगत नाही.

वारा. ॲपचा वारा जमिनीपासून 10 मीटरवरचा आणि त्या सपाट केलेल्या डोंगरावरचा. खिंडीसाठी 700 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) पातळीचा वारा बघा, ती पातळी 3000 मीटरच्या जवळपास असते. खालच्या मुक्कामासाठी 850 ची, म्हणजे साधारण 1500 मीटरची. नकाशावर वारे दाखवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये ही पातळी निवडता येते. खिंड वाऱ्याच्या दिशेतच उघडत असेल तर तिथे वारा चेपला जाऊन त्याहूनही जोरात वाहतो. खिंडीत उणे 5 आणि वारा 40 निघाला, तर उघड्या चेहऱ्याला ते उणे 14 सारखं लागेल. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 चा 40 झाला की धक्का चौपट.

शेवटचं. एकच आकडा बघू नका, पसारा बघा. युरोपियन केंद्र एकाच दिवसाचा अंदाज थोड्या थोड्या फरकाने 51 वेळा काढतं. ही पद्धत 1992 पासून रोजच्या वापरात आहे. एन्सेम्बल नावाच्या आलेखात त्या सगळ्या रेषा एकत्र दिसतात. शनिवारी रात्रीपर्यंत त्या गुंफलेल्या असतील तर अंदाजावर भरवसा ठेवा. पिंजारल्या असतील तर कुठलंच ॲप खरं नाही, आणि खिंड सोडून दुसरा, खालचा बेत तयार हवा.

मी स्वतः वहीत डाव्या बाजूला आदल्या रात्रीचा अंदाज लिहितो आणि उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं ते. माझ्या नेहमीच्या धारेवर ॲपचा वारा कायम कमी निघतो आणि पावसाची वेळ पुढे-मागे होते, हे मला त्या वहीने शिकवलं. दुसऱ्याच्या डोंगराचा नियम तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

भुरभुर_बर्फ:
धारकरींनी सगळं सांगितलंय, एक भर घालते. हवामानाचा अंदाज म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज नव्हे. तिथे हिमस्खलनाचं पत्रक निघत असेल तर ते वेगळं वाचा, रोज. रविवारी आभाळ निरभ्र असेल आणि उतार तरीही धोक्याचा असेल. शनिवारी रात्री वारा कुठून वाहिला ते बघून ठेवा, कारण तो एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाच्या उतारावर रचतो. नुसत्या पडणाऱ्या बर्फापेक्षा हा थर कितीतरी भरभर चढतो. 30 ते 45 अंशांचा, वाऱ्याच्या आडोशाचा, ताज्या बर्फाने गुबगुबीत दिसणारा उतार असेल तर त्यावर पाऊल नको, आणि त्याच्या खालूनही जाऊ नका.
आणि शांत, चांदण्या रात्री 6.5 चं गणित उलटं होतं हे लक्षात असू द्या. गार हवा दरीत साचते, खाली धुकं आणि कडाका, वर मात्र चांगलं ऊन. इन्व्हर्जन म्हणतात ते हेच. तंबूतल्या थंडीवरून खिंडीचा अंदाज बांधून परतू नका आणि उलटही करू नका.

पायवाट_नवी:
खूप खूप आभार दोघांचे! लगेच बघितलं. एका ॲपने खरंच 2350 मीटर धरलेत, दुसऱ्याने 1600. 700 चा वारा रविवारी सकाळी 25, दुपारनंतर 45 दाखवतोय. आता एकच शंका: मुक्कामाला नेटवर्क नाही. शनिवारी संध्याकाळनंतर काय बघायचं?

धारकरी:
दुपारनंतर 45 असेल तर खिंडीतून परत फिरायची वेळ आत्ताच ठरवा, वर गेल्यावर नाही. मी तुमच्या जागी असतो तर सकाळी 10 ला जिथे असेन तिथून वळलो असतो.
नेटवर्क नसलं तरी आभाळ आहे. चंद्राभोवती खळं पडलं आणि मग ढग दाट व्हायला लागले, तर बहुतेक वेळा मागून पाऊस-बर्फ येतोय. शिखरावर भिंगासारखा गुळगुळीत ढग एकाच जागी बसून असेल तर वरती वारा जोरात आहे, खाली पान हलत नसलं तरी.
दाबमापक असलेलं घड्याळ आहे ना कुणाकडे? झोपताना दाखवलेली उंची लिहून ठेवा. सकाळी जागेवरून न हलता ती 40 मीटर वाढलेली दिसली, तर दाब 4 हेक्टोपास्कलच्या आसपास उतरलाय आणि दुपारचा वारा लवकर येतोय असं समजा. फक्त काही घड्याळं आपणहून उंची आणि दाब यांत अदलाबदल करतात, काही जीपीएसवरून उंची सुधारून घेतात. रात्री ते दोन्ही बंद करून ठेवा, नाहीतर दाब उतरलेला असूनही उंची जशीच्या तशी दिसेल.