रत्नागिरीतल्या मुलांना ड जीवनसत्त्व कमी कसं पडतं?

ताई, एवढं ऊन असताना तुमच्या मुलाचं ड जीवनसत्त्व कमी कसं आणि वजनाशी त्याचा संबंध काय, असं तुम्ही विचारलंय. ऊन आहे खरं, पण त्या वेळी मुलं वर्गात असतात. काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने ढगांचे. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे २४ टक्के मुलांत ही कमतरता आढळली होती.

वजनाचं मात्र उलटं, म्हणजे ड कमी पडल्याने वजन वाढतं, असं समजू नका. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून लठ्ठ मुलांच्या रक्तात ते कमी दिसतं. २०१३ साली प्रौढांवरच्या मोठ्या जनुकीय अभ्यासातही लठ्ठपणामुळे पातळी घसरते असंच दिसलं, उलट दिशेला ठोस पुरावा मिळाला नाही. हे जीवनसत्त्व शरीरात वाहून नेण्याशी आणि वापरायोग्य करण्याशी संबंधित जीसी, सीवायपी२आर१ अशा जनुकांनी माणसामाणसांत त्याच्या पातळीत फरक पडतो, पण त्यासाठी महागडी जनुकीय चाचणी करायची गरज नाही. वजन उतरेल म्हणून ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटं स्वतःच्या मनाने तर मुळीच देऊ नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. डोस बालरोगतज्ज्ञच ठरवतील. घरी बांगडा, तारली होत असेल तर चालू ठेवा, आणि सुट्टीत त्याला उन्हात खेळू द्या, वजनालाही तेच लागू पडेल.