आर्थरपेक्षा बाळांचं जास्त लागलं

'श्रेक द थर्ड' (हिरव्या राक्षसाच्या, श्रेकच्या अ‍ॅनिमेशनपटांचा तिसरा भाग) आर्थरमुळे, म्हणजे श्रेक गादीचा वारस म्हणून ज्याला आणायला जातो त्या शाळकरी पोरामुळे फसला, असं इथल्या चर्चेत वर दोघातिघांनी म्हटलंय. आर्थर कंटाळवाणा आहे, मान्य. पण मला जास्त लागलं ते श्रेकच्या बाप होण्याच्या भीतीचं केलेलं मातेरं. आर्थरला आणायला निघालेल्या श्रेकचं जहाज सुटतं, त्याची बायको फियोना काठावरून ओरडून सांगते की ती आई होणार आहे, आणि मग श्रेकला ते स्वप्न पडतं: घरभर हिरवी पोरं, जिकडे बघावं तिकडे पोरंच. बायकोला सातवा महिना चालू असताना मी हा सिनेमा पुन्हा पाहिला, तेव्हा या प्रसंगाला पोटात गोळा आला. खरी गोष्ट हीच होती! ती सोडून पुढे शाळा, जादूगार, रंगमंचावरची मारामारी... आणि शेवटी तिळी थेट मांडीवर.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं नाही. पहिल्या दोन्ही भागांच्या दिग्दर्शनात अँड्र्यू अ‍ॅडमसन होता. मग तो 'नार्निया'च्या सिनेमांकडे वळला आणि २००७ चा हा भाग ख्रिस मिलरकडे गेला. फरक फियोनाच्या बापामध्ये, राजा हॅरॉल्डमध्ये दिसतो. दुसऱ्या भागात तो पुन्हा बेडूक होतो तेव्हा गलबलून येतं. इथे त्याचं मरणसुद्धा विनोदासाठी ताणलंय, डोळे मिटतो, परत उघडतो, परत मिटतो.