मदत हवी आहे: उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये फसवणूक कशी टाळावी?

स्टेशनपासून रेगिस्तान चौक सहा-सात किलोमीटर. बाहेरचे टॅक्सीवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, त्यामुळे यांडेक्स गो हे टॅक्सी बोलावण्याचं ॲप वापरायचं ठरलंय. उतरताना चालक 'सामानाचे वेगळे' म्हणाले तर द्यायचे का? 10,000 आणि 1,00,000 सोमच्या (तिथलं चलन) नोटांत एका शून्याचाच फरक, तेव्हा सुट्टे मोजूनच घेणार.

खरी अडचण रेशमी गालिच्यांची: अस्सल रेशीम कसं ओळखायचं? धागा जाळला की रेशमाला जळक्या केसांचा वास येतो नि राख बोटांत चुरडते. व्हिस्कोज, म्हणजे रेशमासारखा दिसणारा कृत्रिम धागा, कागदासारखं जळतं. पण दुकानदार झालरीचा धागा काढून देतो, आणि झालर रेशमी असली तरी वरची लव व्हिस्कोजची असू शकते! मग मागच्या बाजूने लवेच्या गाठीतला धागा मागितला तर देतात का? जाणकारांनी सांगावं.